माहेरी जावं की घरीच वाटून घ्यावं?

बाईला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, वार (पोटातल्या बाळाला पोसणारा भाग) गर्भपिशवीच्या तोंडाशी खाली आहे, त्यामुळं रक्त जायची भीती म्हणून डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय आणि पहिलं लेकरू तीन वर्षांचं. अशा वेळी आपल्याकडं सगळे म्हणतात, माहेरी जा. तिथं आयतं ताट मिळतं, हे खरंच. पण लेकराचं सगळं आजीवर पडतं आणि बाप रविवारचा पाहुणा होतो. माहेर आडगावात असेल, तर रात्री अंगावरून रक्त जायला लागल्यावर रक्तपेढी असलेलं लातूर किंवा अंबाजोगाई गाठेपर्यंत जीव टांगणीला. मला ही भीती सगळ्यात मोठी वाटते.

घरी राहायचं, तर नवऱ्याला नुसतं "मदत कर" म्हणून भागत नाही. अंघोळ, अंगणवाडीत सोडणं, रात्री उठणं ही कामं त्याचीच, रोजची. तिनं बसून होणारी घ्यावीत: भरवणं, गोष्ट सांगणं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी भरायला तर तिनं मुळीच उठू नये. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. खासगीत तशी सक्ती नाही. म्हणून सासूबाईंशी आधीच बोलून ठेवावं.

मोठा दवाखाना जवळ असेल, तर मी घरीच राहा म्हणेन. नवरा ऊसतोडीला गेला असेल, तर माहेरच बरं.