लहान मुलांसह हुरडा: बार्शी रस्त्यालगतच्या एका शेताचे परीक्षण

सोलापुरात लहान मुलांना घेऊन सुट्टीचा दिवस कुठे घालवावा, हा प्रश्न उन्हाळ्यात जितका अवघड तितकाच थंडीत सोपा असतो. सिद्धेश्वर तलाव, त्याला लागून असलेला भुईकोट किल्ला, केगावचे विज्ञान केंद्र ही ठिकाणे वर्षभर असतातच आणि बहुतेक घरांतील मुलांची ती पाहूनही झालेली असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र शहराबाहेर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर हुरडा असतो. गेल्या काही वर्षांत हुरडा पार्टी हा एक व्यवसाय झाला असून त्याच्या जाहिराती संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास गावभर दिसू लागतात. त्या जाहिरातींत न दिसणाऱ्या एका लहानशा शेताचे हे परीक्षण आहे. बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने आत गेले की हे शेत लागते. तिथे फलक नाही, ओळखीतून फोन करूनच जावे लागते आणि एका दिवशी दोन-तीन कुटुंबांपेक्षा जास्त लोक घेतले जात नाहीत. आमच्यासोबत अडीच ते सात वर्षे वयाची मुले होती आणि पुढील सर्व मते त्या वयाला समोर ठेवून लिहिली आहेत.

हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे, दुधाळपणा संपत आलेले पण अजून टणक न झालेले दाणे, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. मात्र या अवस्थेचा काळ किती थोडा असतो, याचा विचार पार्टी ठरवताना सहसा होत नाही. दाण्यातील साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागले की गोडी झपाट्याने उतरते, त्यामुळे एका वेळी पेरलेल्या तुकड्यातून चांगला हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस मिळतो. या शेताच्या मालकांनी म्हणूनच ज्वारी टप्प्याटप्प्याने पेरली आहे आणि कोणत्या तुकड्यातील कणसे आज काढायची, हे ते दाणा नखाने दाबून ठरवतात. मुलांनाही त्यांनी तसे करून पाहायला लावले. पांढरे दूध आले तर कणीस सोडून द्यायचे, नख रुतून दाणा मऊ पिठासारखा दबला तर कापायचे आणि नखच रुतले नाही तर ते भाकरीचे, अशी साधी परीक्षा होती. सात वर्षांच्या मुलाला ती लगेच समजली. चार वर्षांच्या मुलीने प्रत्येक कणसातून दूध काढण्याचा सपाटा लावला आणि मालकांनी तिला तेही करू दिले.

हुरड्याची ज्वारी आणि भाकरीची ज्वारी वेगळी, हेही इथे आल्यावर नीट कळते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी 35-1 ही आपल्या जिल्ह्याची ओळख आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही सगळी कीर्ती भाकरीची आणि कडब्याची. हुरड्यासाठी गूळभेंडी आणि सुर्ती ही जुनी वाणे किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले फुले मधुर यांसारखे वाण लावतात, कारण त्यांचा दाणा गोड असतो आणि चोळल्यावर बोंडातून सहज सुटतो. या शेतात गूळभेंडी होती. हा फरक मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण ज्या कणसाचा दाणा सहज सुटत नाही, ते लहान हातांना चोळता येत नाही आणि मग मुले नुसती ताट पुढे करून बसतात.

या सहलीचा खरा गाभा आगटी हा आहे, आणि या शेताला मी जे उजवे माप देतो ते आगटीपाशी मुलांना जे करू दिले गेले त्यासाठी. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात रचलेल्या शेणाच्या गोवऱ्या आणि त्यांचा फुललेला विस्तव. त्याभोवती पोत्यांची बैठक. कणसे राखेत आणि निखाऱ्यांत खुपसली जातात, थोड्या थोड्या वेळाने फिरवली जातात आणि बाहेरचा हिरवा रंग करपट तपकिरी झाला की बाहेर काढून झटकली जातात. विस्तवाजवळचे काम घरातील आजी स्वतः करतात आणि तिथे मुलांना येऊ देत नाहीत. त्यासाठी आगटीभोवती त्यांनी कडब्याच्या पेंढ्या आडव्या टाकून एक हद्दच आखली आहे. कणीस हाताला सोसेल इतके निवाले की ते मुलांच्या हवाली होते. दोन तळव्यांत धरून चोळायचे, दाणे सुपात पाडायचे, सूप हलवून फुंकर मारायची आणि कोंडा उडाला की हिरवेगार गरम दाणे उरतात. आमच्यातल्या एकाने पहिले कणीस इतक्या जोरात चोळले की निम्मे दाणे मातीत गेले, तेव्हा आजी म्हणाल्या, “हळू चोळ की रं, तोंडात जायचंय, भुईत न्हाई.” त्यानंतर तासभर कुणालाही खेळणे किंवा मोबाइल आठवला नाही.

गरम असतानाच खाण्याची घाई हुरड्याला असतेच, कारण निवला की दाणा चिवट होतो आणि वासही जातो. या शेतात एका वेळी मोजकी कणसे भाजली जात असल्याने प्रत्येक फेरीत गरम दाणे मिळाले. सोबत शेंगाची चटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ आणि शेव एवढेच होते. शेंगाची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली आणि अर्थातच झणझणीत असल्यामुळे मुलांसाठी ती बाजूला ठेवावी लागली. मुलांनी हुरडा गुळासोबत किंवा दह्यात कालवून खाल्ला आणि तो त्यांना पुरेसा आवडला. चटणीचा एखादा कमी तिखटाचा प्रकार मुलांसाठी वेगळा काढून ठेवायला हरकत नसावी, असे मी मालकांना सुचवले. त्यावर “सोलापूरची पोरं, खातील की” एवढेच उत्तर मिळाले. कोवळे दाणे पोटाला जड असतात, म्हणून जेवणाआधी ताक प्यावे आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाला हुरडा चमच्याने थोडा ठेचून द्यावा. अख्खे शेंगदाणे मात्र त्या वयाच्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत, कारण ते घशात अडकण्याचा धोका असतो आणि शेतात शेंगा सगळीकडे पडलेल्या असतात.

आगटीनंतर मुलांना सर्वांत आवडली ती गोफण. दाणा भरताना पाखरांचे थवे पिकावर उतरतात, म्हणून शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा उभारलेला असतो आणि त्यावरून राखण केली जाते. या माळ्याची शिडी मुलांच्या चढण्याजोगी आहे, पण वरती कठडा नाही, त्यामुळे एका मोठ्या माणसाने सोबत चढलेच पाहिजे. मालकांनी गोफणीत दगडाऐवजी मातीचे ढेकूळ घालून ती कशी फिरवायची आणि दोरीचे एक टोक नेमके केव्हा सोडायचे, हे दाखवले. मुलांची ढेकळे बहुधा मागे किंवा डोक्यावर उडत होती, म्हणून बाकीच्यांनी दूर बांधावर उभे राहणे शहाणपणाचे. थंडीत आपल्याकडे येणाऱ्या भोरड्या, म्हणजे पळस मैना, या पिकाच्या मोठ्या गिऱ्हाईक. सायंकाळी त्यांचे शेकडो पक्ष्यांचे थवे एकदम वळतात, पसरतात आणि पुन्हा एकवटतात, ते पाहण्यासाठी ऊन उतरेपर्यंत थांबावे. दुपारीच निघून गेलेल्या कुटुंबाची सहल माझ्या मते अर्धी राहते.

जेवण साधे आणि उत्तम होते: ज्वारीची भाकरी, पिठले, भरली वांगी, ठेचा, शेंगा पोळी आणि ताक. मुलांसाठी वरणभात मागितला तर करून देतात, पण आधी सांगावे लागते. चहा फार गोड आहे. बैलगाडीची फेरी होती, ती इतर ठिकाणी असते तशीच.

आता उणिवा. स्वच्छतागृह एकच आहे, ते घरापाशी आहे आणि आगटीपासून तिथवर लहान मुलाला घेऊन चालत जाणे म्हणजे दर वेळी एक स्वतंत्र मोहीम असते. दुपारी बारा ते तीन सावलीसाठी एक लिंबाचे झाड आणि कडब्याची खोप एवढाच आसरा आहे. जानेवारीतही सोलापूरचे दुपारचे ऊन लहान मुलांना सोसत नाही, म्हणून टोप्या हव्यातच. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली आहे, ही मोठी जमेची बाजू, पण शेततळ्याला कुंपण नाही आणि त्याचा प्लास्टिकचा उतार निसरडा असतो. मालकांनी त्या बाजूला जाण्यास सक्त मनाई केली होती, तरी मुलांच्या बाबतीत मनाईपेक्षा कुंपण बरे. ज्वारीची बारीक कूस अंगाला खाजते, हे ठाऊक नसल्यास दिवस रडारडीत जाऊ शकतो. पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे घालावेत आणि परतताना बदलण्यासाठी एक जोड ठेवावा. धुराचा त्रास होणाऱ्या किंवा दमा असणाऱ्या मुलांना आगटीचा धूर जातो त्या बाजूला बसवू नये, आणि दमा वारंवार उसळत असेल तर ही सहल टाळलेलीच बरी.

तुलनेसाठी सांगायचे तर, याच हंगामात महामार्गालगतच्या एका मोठ्या केंद्रातही आम्ही गेलो होतो. तिथे झोके, घसरगुंडी, पावसाचे कृत्रिम नृत्यांगण, मोठ्या आवाजातील गाणी, स्वच्छ स्वच्छतागृहांची रांग आणि गाड्या लावायला भरपूर जागा होती. हुरडा मात्र बाहेरून पोत्यांत आणलेला, आधीच भाजून चोळलेला आणि परातीत निवत पडलेला होता. वाढपी तो वाटीने वाढत होते. मुले झोक्यावर खुशीत होती, हे कबूल केले पाहिजे, पण तो झोका शहरातील कोणत्याही बागेत फुकट मिळतो. ज्या कुटुंबात वृद्ध माणसे आहेत, तान्हे बाळ आहे किंवा पन्नास माणसांचा गोतावळा न्यायचा आहे, त्यांनी अशा केंद्रातच जावे, तिथे त्यांची सोय होईल. तीन ते दहा वर्षांच्या मुलांना शेत दाखवायचे असेल, तर जिथे कणीस मुलांच्या हातात दिले जाते ती जागा निवडावी, मग तिथे एकही झोका नसला तरी चालेल.

वास्तविक शेतात जाऊन जेवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला किंवा येळवशीला, सोलापूर, धाराशिव आणि लातूरकडची शेतकरी कुटुंबे कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा करतात आणि भज्जी-भाकरी, आंबील असा बेत करून पाहुण्यांना शेतावर जेवायला बोलावतात. येळवशीचे आमंत्रण असेल, तर पैसे देऊन हुरड्याला जाण्याआधी ते स्वीकारावे. त्या दिवशी मुलांना दिवसभर रानात हुंदडता येते. शेती नसलेल्या शहरातील घरांना ते आमंत्रण दर वर्षी मिळतेच असे नाही, आणि या लहान शेताची सेवा त्यांच्यासाठी आहे.

सकाळी लवकर निघता आले तर आधी त्याच रस्त्यावरचा नान्नजचा माळ जरूर पाहावा. सोलापूरपासून सुमारे 20 किलोमीटरवरील हे माळढोक अभयारण्य 1979 साली घोषित झाले. माळढोक आता इतका दुर्मीळ आहे की तो दिसेल अशी आशा मुलांना लावू नये. काळविटांचे कळप मात्र सकाळच्या उन्हात गवतावर चरताना बऱ्याचदा दिसतात. पिळदार शिंगांचा काळा नर आणि फिकट तपकिरी माद्या यांतील फरक मुले लगेच ओळखतात. गाडीतून उतरून त्यांच्या मागे धावू न देणे, एवढे पथ्य पालकांनी पाळावे. दुर्बीण असेल तर न्यावी, नसेल तरी काळवीट दिसतात.

दराबाबत बोलायचे तर मोठ्यांसाठी माणशी 400 रुपये आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी काहीही नाही, असा आमचा हिशेब झाला. त्यात हुरडा, जेवण आणि चहा सर्व आले. मोठ्या केंद्रातील दर याहून बराच जास्त होता आणि तिथे तीन वर्षांच्या मुलाचेही अर्धे तिकीट लागले. निघताना ज्वारी, शेंगाची चटणी आणि हरभऱ्याचे डहाळे विकत मिळतात, तेही वाजवी भावात.

अशा शेताची चौकशी करताना फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात: हुरडा तुमच्याच रानातला आहे का, आणि मुलांना कणसे काढू व चोळू देता का. “या आठवड्यात दाणा भरला नाही, पुढच्या रविवारी या” असे उत्तर आले, तर त्या माणसाकडेच जावे आणि तो सांगेल त्याच दिवशी जावे. संक्रांतीच्या आसपासचे रविवार गड्ड्याला आलेल्या पाहुण्यांमुळे आधीच भरलेले असतात, तेव्हा शाळेची अडचण नसलेल्या लहानग्यांना घेऊन आठवड्यातील मधला दिवस धरता आला तर आगटीभोवती जागाही मिळते आणि आजींना मुलांकडे लक्ष द्यायला सवडही.