घरच्या जिमसाठी रॅक: पिंजरा, हाफ रॅक, स्टँड की भिंतीवरचा?

घरी एकट्याने बेंच प्रेस करताना रॉड छातीवर अडकला, की ओरडायला श्वास उरत नाही आणि खोलीचं दार आपणच आतून लावलेलं असतं. माझ्या वेळी रॉडवर जेमतेम ५० किलो होते. लॉक लावलेले नव्हते, म्हणून रॉड एका बाजूला कलवता आला. तिकडच्या प्लेटा फरशीवर गेल्या, दुसरी बाजू उसळली आणि भिंतीचा टवका काढून गेली. खालच्या मजल्यावरचे काका वर आले तेव्हा मी बेंचवर बसून पाणी पीत होतो.

रॅक, म्हणजे रॉड टेकवायचा आणि झेलायचा लोखंडी सांगाडा, घ्यायचा हे त्याच संध्याकाळी ठरलं. कोणता, हे ठरायला मात्र दोन महिने लागले, कारण मी चुकीचा प्रश्न घेऊन बसलो होतो. प्रत्येक जाहिरातीत ‘कमाल भार ४०० किलो’, ‘कमाल भार ५०० किलो’ असे आकडे असतात आणि आपण त्यांचीच तुलना करत बसतो. माझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन मारायची बैठक, तेव्हा ८० किलोचा होता. ४०० किलो पेलणारा रॅक मला कशाला हवा होता? माझा जोर संपला की रॉड कोण झेलणार, एवढंच बघायचं होतं. जिममध्ये असलं की एखादा भिडू मागे उभा राहतो. घरी ते काम लोखंडाने करायचं असतं.

आधी टेप काढा

ऑलिंपिक रॉड २.२ मीटर लांब आणि २० किलोचा असतो. त्याच्या दोन कॉलरमधलं, म्हणजे प्लेटा आतून जिथे टेकतात त्या दोन कड्यांमधलं, अंतर १३१ सेंटीमीटर. रॅक त्या अंतरात मावतो, म्हणून बहुतेक रॅक बाहेरून १२० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतात. आपल्याकडे ‘होम जिम सेट’मध्ये येणारा ५ फुटी बारीक रॉड या रॅकवर नीट बसत नाही. रॅक घरी आल्यावर हे कळलं, की रॉडचा आणि मोठ्या भोकाच्या प्लेटांचा खर्च वेगळा पडतो. तो आधीच हिशोबात धरा.

खोली १० फुटी असेल तर रॉडच्या दोन्ही बाजूंना मिळून ८५ सेंटीमीटर उरतात. प्लेटा चढवायला तेवढं पुरतं. ९ फुटी खोलीत फक्त ५४ उरतात आणि दर सेटला भिंत खरवडते. तिथे एक युक्ती आहे: महिलांच्या वेटलिफ्टिंगचा १५ किलोचा रॉड घ्या. तो २.०१ मीटर लांब, म्हणजे जवळपास २० सेंटीमीटर आखूड असतो, पण कॉलरमधलं अंतर तेच १३१. त्यामुळे पूर्ण रुंदीच्या रॅकवर तो बसतो. मूठ थोडी बारीक, २५ मिलिमीटरची. त्याने पुरुषांचं काही बिघडत नाही.

उंचीचं गणित करताना लोक स्लॅब मोजतात आणि पंखा विसरतात. मीही विसरलो होतो. ७ फुटी रॅकच्या दांड्यावर पुलअप काढताना हनुवटी वर गेली की डोकं ८ फुटांच्या जवळ पोचतं, आणि साध्या फ्लॅटमध्ये पंख्याची पाती तिथेच कुठेतरी फिरत असतात. उभ्याने डोक्यावर रॉड नेला की प्लेटेचा अर्धा व्यास, म्हणजे साडेबावीस सेंटीमीटर, आणखी वर जातो. पंखा एका कोपऱ्यात सरकवून घ्या किंवा भिंतीवरचा लावा. वर माळा असलेली खोली रॅकसाठी बादच समजा.

सुटे स्टँड: स्वस्त, आणि म्हणूनच मोहाचे

साधारण ५ ते १० हजारांत दोन सुटे स्टँड मिळतात. काम झालं की दाराआड जातात, बायको-आई कुणी कुरकुरत नाही. पण एक हिशोब करून बघा. दोन स्टँडमधलं अंतर ७० सेंटीमीटर ठेवलंत आणि सेट संपल्यावर एका बाजूच्या प्लेटा आधी काढल्यात, तर दुसऱ्या बाजूची एकटी २० किलोची प्लेट अख्खा रॉड उलटवायला पुरते. हेच अंतर ११० सेंटीमीटर असेल तर एका बाजूला ४० किलो राहिले तरी रॉड जागचा हलत नाही. वजन तेच, रॉड तोच. फरक फक्त आधार कुठे आहे याचा. म्हणून स्टँड घ्यायचेच असतील तर खालून आडव्या पाइपाने जोडलेले, रुंद घ्या.

त्यातही झेलण्याची सोय बहुतेकांत नसते, आणि असली तरी ते एक-दीड वीत लांबीचे हात असतात. स्क्वॉटमध्ये अडकलात तर रॉड मागे टाकून पुढे निसटता येतं; त्याला जागा आणि सराव लागतो. बेंचवर तीही सोय नाही. एकट्याने बेंच मारणाऱ्याने स्टँड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ते ३ हजारांत मिळोत की फुकट.

पिंजरा आणि हाफ रॅक

खरी निवड या दोघांतली. पिंजऱ्याला चार खांब असतात, आत उभं राहायचं, दोन्ही बाजूंना आडवे सेफ्टी बार. रॉड पुढे गेला, मागे गेला, तिरका पडला, तरी पिंजऱ्यातच पडतो. हाफ रॅकमध्ये पुढच्या दोन खांबांतून सेफ्टी आर्म बाहेर आलेले असतात आणि तुम्ही बाहेर उभे असता. तोही झेलतो, फक्त सेट संपताना तुम्ही एक पाऊल जास्त मागे गेलेले असाल तर रॉड आर्मच्या टोकाबाहेर पडू शकतो. आर्म दोन फुटांहून आखूड असतील तर तो हाफ रॅक माझ्या यादीतून बाद.

पिंजऱ्याला जमिनीवर साधारण ४ बाय ४ फूट लागतात आणि तो खोलीच्या मधोमध पलंगासारखा पसरतो. हाफ रॅक भिंतीला पाठ लावून बसतो, खोली खोलीसारखी राहते. किमतीत फार अंतर नाही: हलका पिंजरा २० हजारांच्या पुढे, बरा ३५-४० पर्यंत, हाफ रॅक त्याहून चार-पाच हजारांनी कमी. मी हाफ रॅक घ्यायला निघालो होतो आणि पिंजरा घेऊन आलो. कारण एवढंच, की मी सकाळी साडेपाचला व्यायाम करतो आणि तेव्हा माझी पावलं कुठे पडतील याची मलाच खात्री नसते. खोली दिवसभर मुलांच्या अभ्यासालाही लागत असेल, तर मी लांब आर्मचा हाफ रॅक घेईन.

हाफ रॅक पुढे कलू शकतो, विशेषतः कोणी पुलअपला झोके देऊ लागलं तर. मागच्या दांड्यांवर प्लेटा ठेवल्या की त्याचं बूड जड होतं. जमिनीला बोल्ट मारता आले तर उत्तम, पण भाड्याच्या घरात ते विसरा.

भिंतीवरचा घडीचा रॅक

व्हिडिओत हा सगळ्यात देखणा दिसतो: दारासारखा मिटतो, भिंतीपासून जेमतेम वीतभर बाहेर राहतो. पण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या गॅरेजमधले असतात. आपल्या नव्या इमारतींत आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत सिपोरेक्सच्या. त्यात खिळा हातोडीच्या हलक्या फटक्यांनीही जातो. साध्या अँकर बोल्टवर अशा भिंतीत १०० किलोचा रॉड टांगायचा म्हणजे वेडेपणा. आरसीसी कॉलम योग्य जागी असेल किंवा जुनी ९ इंची विटेची धडधाकट भिंत असेल, तरच विचार करा. मिवान पद्धतीच्या इमारतीत भिंती काँक्रीटच्या असतात, बोल्ट घट्ट धरतो. पण त्याच भिंती इमारत तोलत असतात, तेव्हा ड्रिल लावण्याआधी सोसायटीच्या इंजिनियरला विचारा.

पाइप किती जाड आहे हे वजन सांगतं

५० बाय ५० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरमागे सुमारे ३ किलो भरतो. ६० बाय ६० चा ३ मिलिमीटरचा सुमारे ५.४ किलो. ७ फुटी पिंजऱ्याला एकूण १७ मीटरच्या आसपास पाइप लागतो. म्हणजे पहिला साधारण ५० किलोचा, दुसरा ९० किलोचा व्हायला हवा. विक्रेता ‘३ मिलिमीटर, ६० बाय ६०’ म्हणतो आणि रॅकचं वजन ५५ किलो लिहितो, तर दोन्हीपैकी एक खोटं आहे. भार किती हे विचारू नका, वजन किती ते विचारा.

मात्र जाडीच्या मागे वेड्यासारखं लागायचं कारण नाही. १०० किलोच्या आत काम करणाऱ्याच्या हातून २ मिलिमीटरचा पाइप मोडत नाही. तो डुलतो. रॉड ठेवताना रॅक डुलला की पुढच्या सेटला मन कचरतं, त्रास एवढाच. खरी कमजोर जागा असते जे-हुकाचं, म्हणजे रॉड ज्यावर टेकवतो त्या आकड्याचं, वेल्डिंग, आणि भोकांमधलं अंतर. भोकं ५ सेंटीमीटरवर असतील तर सेफ्टी छातीच्या बरोबर खाली बसवता येते. १० सेंटीमीटरवर असतील तर एका भोकाला रॉड छातीला टेकतच नाही आणि त्याखालच्याला तुमची फासळी सेफ्टीचं काम करते.

फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा का?

ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे पिंजरा तयार रॅकपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि उंची-रुंदी तुमच्या खोलीच्या मापाची मिळते. मीही आधी एक करून घेतला होता. वेल्डिंग बैलगाडी ओढेल असं भक्कम. पण भोकं हाताच्या ड्रिलने, डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेली. डावा हुक उजव्यापेक्षा ७ मिलिमीटर वर. बेंचवर आडवं पडलं की रॉड कायम डावीकडून चढावर. शेवटी चारही खांब बदलावे लागले आणि स्वस्ताई तिथेच संपली. भोकं लेझर कटिंगवाल्याकडून पाडून घ्या, किंवा दोन खांब एकत्र क्लॅम्प करून आरपार ड्रिल मारायला लावा, आणि ते होताना स्वतः समोर उभे राहा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहत असाल तर ऑइल पेंटवर भागवू नका. पावडर कोटिंग करा आणि पाइपांची तोंडं बुचांनी बंद करा. गंज आतून सुरू होतो.

स्लॅबची भीती बहुतेकांना असते. घरातल्या खोल्यांसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरलेला असतो. रॅक, प्लेटा आणि तुम्ही मिळून २५० किलो, दीड चौरस मीटरवर: बसतं. आदळणं मात्र वेगळी गोष्ट. रबरी मॅट टाका, डेडलिफ्ट हळू खाली ठेवा, आणि बंदिस्त केलेल्या गॅलरीत यातलं काहीही मांडू नका.

रॅक उभा झाला की पहिल्या दिवशी रिकाम्या रॉडने मुद्दाम हरून बघा. बेंचवर पडा, रॉड छातीवर आणा, अंग सैल सोडा, रॉड सेफ्टीवर टेकला की खालून सरकून बाहेर या. स्क्वॉटमध्येही तसंच, खाली बसून. दोन्हींसाठीचं योग्य भोक सापडलं की खूण करा. माझ्या रॅकवर बेंचचं भोक आठवं आणि स्क्वॉटचं तेरावं. दोन्हींवर बायकोच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके आहेत, कारण साडेपाचच्या अंधारात आकडे मोजणं मला जमत नाही.