अक्कलकोट रस्त्यावर मिळालेली फायबरग्लासची पट्टी : डिंगीच्या शिडासाठी कशी ठरली?

उजनीच्या फुगवट्यावर मी सरावाला नेतो त्या जुन्या एंटरप्राइज डिंगीच्या (शिडाच्या लहान होडीच्या) शिडात वरची लाकडी बॅटन, म्हणजे शिडाला आकार देण्यासाठी कापडाच्या खिशात घालायची चपटी पट्टी, चिरली होती आणि तिच्या आतल्या टोकाशी कापडावर उभी घडी पडत होती. तयार बॅटनचा संच बाहेरून मागवणे माझ्या आवाक्यातले नव्हते. म्हणून सोलापुरातच, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानातून २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी फायबरग्लासची सपाट पट्टी घेतली. शिडाच्या चारही बॅटनांचा खर्च हजार रुपयांच्या आत आला.

ही पट्टी जशीच्या तशी खिशात घालू नये. ती लाकडापेक्षा ताठ असते, आणि पुढचे टोक ताठ राहिले तर शिडाची गोलाई तिथे मोडते. त्यामुळे डोलकाठीकडचे टोक पातळ करून मागच्या कडेकडे जाडी राखावी लागते. इथे घाई महागात पडते, कारण ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो : जाडी एक दशांशाने घटवली की ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. मोजमापासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे. पट्टी काट्यावर उभी धरून वरून दाबावी, ती धनुष्यासारखी वाकू लागताच आकडा टिपावा आणि सर्वाधिक बाक पुढच्या टोकापासून किती अंतरावर येतो तेही मोजावे. माझी ६० सेंटीमीटरची पट्टी आरंभी ४ किलोच्या आसपास वाकत होती. घासून ती अडीच किलोवर आणल्यावर बाक मध्यापासून पुढे सरकला आणि शिडावरची घडी नाहीशी झाली. मंद वाऱ्यात वरच्या बॅटनपाशी मागच्या कडेला वाऱ्याचा प्रवाह दिसावा म्हणून लावलेला धागा आता बराच वेळ सरळ मागे वाहतो. पूर्वी तो शिडाआड दडून बसे.

दुकानदाराने हव्या त्या लांबीचे तुकडे आपुलकीने कापून दिले, परंतु करवतीने कापलेल्या टोकांना काचतंतू सुटलेले होते. ती टोके गोल करून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली नाही, तर खिशाची शिवण फाटेल. घासताना वॉटर पेपर ओला ठेवावा, मास्क आणि हातमोजे वापरावेत. ही धूळ त्वचेला आणि श्वासाला फार त्रास देते. आयएलसीए (पूर्वीची लेझर) सारख्या होड्यांच्या शर्यतीच्या वर्गात बॅटनही अधिकृत उत्पादकाचीच लागते, तेव्हा तिथे या पट्टीचा उपयोग फक्त सरावापुरता. इतरांनीही आपल्या वर्गाचे नियम आधी वाचावेत.

पट्टी मला मनापासून आवडली. मात्र सर्वांत वरच्या खिशासाठी ३ मिलिमीटर जाडी उतरवण्यात माझे दोन दिवस गेले, म्हणून पुढच्या वेळी तेवढ्या एका बॅटनसाठी मी त्याच दुकानात २ मिलिमीटरची पट्टी मागणार आहे.