परवडणाऱ्या घरांच्या वसाहतीत आधी काय: अभ्यासवर्ग, मदत कक्ष की बचत योजना?

वसाहतीत एक खोली रिकामी आहे आणि एका माणसाच्या पगाराची सोय झाली आहे. एवढ्या बळावर या तिन्हींतलं एकच काम धड चालतं. तिन्ही थोडं थोडं करायला गेलं की वर्षभरात खोलीला टाळं लागतं.

अभ्यासवर्ग सगळ्यांना आवडतो, कारण तो दिसतो. उद्घाटनाला खोली भरते, महिनाभरात निम्मी मुलं गळतात, आणि दोष शिकवण्यातच असतो असं नाही. मोठी मुलगी धाकट्या भावाला सांभाळत असते. त्याला घेऊन आली तर तो गोंधळ घालतो, म्हणून तिला दारातूनच परत पाठवतात. खरी गरज तर तिलाच होती. कोपऱ्यात सतरंजी, चार ठोकळे आणि लक्ष ठेवायला एक जण, एवढ्यावर हे सुटतं.

गट इयत्तेप्रमाणे पाडू नका. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून अक्षरं, शब्द, मग छोटा परिच्छेद वाचून घ्या, दोन आकडी वजाबाकी सोडवून घ्या आणि मूल जिथे अडलं तिथे त्याला बसवा. एका गटात तीन-चार मुलं, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास. एका शिक्षकासमोर वीस मुलांचा गृहपाठ उरकणं म्हणजे मुलं सांभाळणं (त्याचीही गरज असते, पण मग त्याला शिकवणी म्हणू नका).

मदत कक्षाचा फोटो कोणी काढत नाही. टेबल, दोन खुर्च्या, नीट बंद होणारं दार, कुलपाचं कपाट. शाळाप्रवेशाचे कागद, दवाखान्याच्या खेपा, थकलेलं भाडं, घरातली मारहाण, सगळं इथे येतं. भाडं वसूल करणाऱ्यालाच इथे बसवलं की कक्ष मेलाच; नोटीस काढणाऱ्या माणसासमोर थकबाकी कोण कबूल करेल? एका महिन्याच्या थकबाकीवर हप्ते बांधून मिळू शकतात, चार महिन्यांनी बहुधा नोटीसच हातात पडते. नुसता फोन नंबर लिहून देऊन भागत नाही. पहिल्या खेपेला सोबत जा, आठवड्याने पुन्हा विचारा. आणि कक्ष संध्याकाळी उघडा, दुपारी लोक कामावर असतात.

बचत-रोजगार योजना सर्वांत लांब पल्ल्याची. भाडं उत्पन्नावर ठरत असेल तर पगार वाढला की भाडंही वाढतं, म्हणून माणूस जादा काम टाळतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने आलेल्या ‘फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी’ योजनेने यावर तोड काढली: कमाई वाढल्यामुळे जेवढं भाडं वाढतं, साधारण तेवढी रक्कम कुटुंबासाठी वेगळ्या खात्यात साठते आणि सहसा पाच वर्षांच्या करारातली उद्दिष्टं पूर्ण झाली की हातात मिळते. भाडं ठरावीक असेल तर हे आमिष उरत नाही आणि नुसत्या प्रशिक्षणाला लोक टिकत नाहीत.

ठरवण्यापूर्वी दोन याद्या शेजारी ठेवा: भाडं थकलेली घरं आणि शाळा वारंवार बुडवणाऱ्या मुलांची घरं. दोन्हीकडे तीच घरं दिसली तर पगार मदत कक्षावर घाला, अभ्यासवर्ग मागाहून त्याच खोलीत येईल. थकबाकी किरकोळ असेल आणि वाचनात मुलं अडत असतील तर सरळ अभ्यासवर्ग. मात्र शाळेकडून हजेरी मागण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या आणि यादीत नावांऐवजी घर क्रमांकच लिहा.