कागद सोडला, हँडहेल्ड घेतलं: पावसाळ्यापासून द्राक्षांच्या हंगामापर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. जिओकॅशिंगसाठी नाशिक शहरात कॅश, म्हणजे कोणीतरी लपवलेल्या डब्या, शोधणार असाल तर फोन पुरे. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भटकणार असाल तर बटणांचं, सेलवर चालणारं हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारं जीपीएस यंत्र, घ्या. दोन्हीकडे कॅशच्या माहितीचे प्रिंटआउट मात्र बंद करा. हे लिहायला थांबले होते, कारण पूर्ण पावसाळा आणि पाठोपाठची थंडी काढल्याशिवाय अशा वस्तूबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. आता बाजारात द्राक्षं आली आहेत, म्हणजे पुरेसं वापरून झालं.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतं. बाकीचे जीपीएस घेऊन ती हुडकतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबी होती तिथेच ठेवून देतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेला घोळ बंद केला आणि लगेच, ३ मे रोजी, ओरेगनमध्ये पहिली डबी लपवली गेली. आपल्याकडे कॅश विरळ आहेत, त्यामुळे एकेका डबीसाठी अर्धा दिवस जातो. तयारी कच्ची असली की तो अर्धा दिवस वाया, म्हणून हा सगळा उपकरणांचा खटाटोप.

माझ्याकडचं जुनं यंत्र नकाशावर एक ठिपका दाखवायचं, बस. तेव्हा साइटवरून मिळणाऱ्या साध्या लॉक (.loc) फाइलमध्ये नाव आणि ठिकाण यापलीकडे फारसं काही नसायचं. डबी केवढी, वर चढायचं की खाली उतरायचं, मागच्या माणसाला ती सापडली होती का, हे सगळं कागदावर. एका कॅशचं एक पान, कधी दोन, प्लास्टिकच्या फोल्डरात. अंजनेरीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत फोल्डरात आतून वाफ धरते आणि इंकजेटची शाई पसरते. पानावरच्या नोंदीही छापल्या त्या दिवशीच्याच राहतात.

जीपीएक्स फाइलने हे सगळं बदललं. तिच्यात वर्णन, काठिण्याचे आकडे, डबी कुठे असेल याचा संकेत आणि शेवटच्या काही नोंदीसुद्धा येतात. २००८ मध्ये गार्मिनच्या कोलोराडो आणि ओरेगन या हँडहेल्डनी हे अख्खं पान यंत्राच्या पडद्यावर आणलं, यालाच पेपरलेस म्हणतात. पुढे २०११ च्या ई-ट्रेक्स मालिकेत ते अगदी खालच्या मॉडेलपर्यंत पोचलं. मी घेतलेलं यंत्र याच जातीचं आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेलं बरंचसं या वर्गातल्या कुठल्याही यंत्राला लागू होईल.

पेपरलेस म्हणजे कागदाची बचत, असं बहुतेकांना वाटतं. मला खरा उपयोग झाला तो जुन्या नोंदींचा. जागेवर पोचल्यावर डबी दिसत नाही, पडद्यावरचा बाण म्हणतो चार मीटर, आणि समोर करवंदाची जाळी. अशा वेळी डबी लपवणाऱ्या मालकाचं वर्णन कामाला येत नाही. कामाला येतं ते मागच्या कोणीतरी लिहिलेलं एक वाक्य: ‘पावसाने दगड हलला होता, परत नीट ठेवला.’ किंवा ओळीने तीन जणांनी ‘सापडली नाही’ लिहिलेलं असतं आणि आपण मुकाट्याने चहाच्या टपरीकडे वळतो.

संकेताची गंमत वेगळीच आहे. तो साइटवर उलटसुलट करून ठेवलेला असतो. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, एचं एन, बीचं ओ. कागदावर हे पेन्सिलीने सोडवत बसावं लागे. हँडहेल्डवर एक बटण दाबलं की झालं. पण देवनागरीत लिहिलेला संकेत या पद्धतीने सरकतच नाही, तो सगळ्यांना उघडाच दिसतो. वर माझ्या यंत्राला देवनागरी येत नाही, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. म्हणजे साइटवर सगळं उघड आणि डोंगरावर नेमकं काहीच नाही. तेव्हा मराठीत संकेत द्यायचा असेल तर रोमन अक्षरांत द्या. ‘वडाच्या मुळाशी’ रोमनमध्ये लिहिलं की व्यवस्थित लपतंही आणि उलगडतंही.

आता अक्षांश-रेखांशांविषयी, कारण नव्या लोकांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. जिओकॅशिंगमध्ये ठिकाण अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, फोनवरचे नकाशे बहुधा दशांश अंशांत दाखवतात. पांडवलेणी साधारण १९° ५६.४७८' उत्तर, ७३° ४४.९' पूर्व इथे आहेत. हेच कोणी १९.५६४७८ आणि ७३.४४९ असं समजून फोनच्या नकाशात टाकलं, तर नकाशा त्याला कसारा घाट उतरवून खर्डीच्या बाजूला नेईल. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम त्याहून जरा कमी, १.७४ मीटर. त्यात नाशिकची खास खोड अशी, की विसावं अक्षवृत्त शहरातूनच जातं. रामकुंड २०° ००' च्या पुढे, नाशिकरोड १९° च्या घरात. गोदाकाठाहून दक्षिणेला निघालं की मध्येच अंश आणि मिनिट दोन्ही एकदम बदलतात, आणि हाताने आकडे उतरवणारा हमखास एकच बदलतो. फाइल थेट यंत्रात टाकली की ही कटकट संपते. कागद सोडायला मला हे एकच कारण पुरलं असतं.

अचूकतेबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर, फोनही तेवढाच. ब्रह्मगिरीच्या कड्याला चिकटून चाललात की दोघेही गोंधळतात, कारण उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून येतो. जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या गल्ल्यांमध्ये तेच, फक्त कातळाच्या जागी वाड्यांच्या भिंती. स्वस्त मॉडेलांमध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसतं, त्यामुळे चालत असेपर्यंतच बाण खरा; उभं राहिलं की तो दिशा विसरतो. माझ्या यंत्रात ते नाही, आणि शेवटच्या दहा पावलांत त्याची उणीव जाणवते. पुन्हा घेतलं तर होकायंत्रवालं घेईन. बॅरोमीटरवाल्या उंचीसाठी मात्र जास्तीचा एक रुपयाही देणार नाही.

फोन हरतो तो पावसात. ओल्या काचेवर थेंब पडला तरी फोनला ते बोट वाटतं. नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, मध्येच कोणाला तरी फोन लागतो. हरिहरच्या वाटेवर किंवा दुगारवाडीकडे धुवाधार पावसात मला बटणं लागतात, बोटं गारठलेली असली तरी दबणारी. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी, तेवढी नाशिकच्या पावसाला पुरते. नेटवर्क नसलं तर फोनचा जीपीएस बंद पडतो हा गैरसमज आहे. तो चालतो, पण नेटवर्कची मदत नसल्याने पहिला ठाव लागायला जास्त वेळ घेतो. नकाशा आधी उतरवून ठेवला आणि सी-जिओसारखं मोफत ॲप वापरलं तर फोनवरही सगळं ऑफलाइन जमतं. ज्यांना खर्च नको त्यांनी तेच करावं, मी अजूनही शहरात तेच करते.

सेल हा हँडहेल्डचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण. दोन डबल-ए, आणि ते त्र्यंबकच्या किराणा दुकानातही मिळतात. फक्त रिमोटसाठी विकले जाणारे स्वस्त सेल घालू नका, दुपारपर्यंतच मान टाकतात. अल्कलाइन घ्या, किंवा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड. दुसऱ्या प्रकाराचा व्होल्टेज कमी, १.२, म्हणून सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायचा; नाहीतर पूर्ण भरलेला सेलही यंत्राला अर्धा वाटतो. जाहिरातीत पंचवीस तास म्हणतात. पडद्याचा दिवा जपून वापरला तर शनिवार-रविवार आरामात निघतो, यापलीकडे मी घड्याळ लावून बसलेले नाही.

तक्रारी आहेतच. बटणांनी एकेक अक्षर निवडत नोंद लिहिणं म्हणजे शिक्षा. मी फक्त ‘सापडली’ एवढंच नोंदवते आणि बाकीचं घरी लिहिते. यंत्र भेटींची जी फाइल बनवतं तिच्यातली वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असते, म्हणून साइटवर टाइमझोन नीट नसेल तर पहाटे साडेपाचच्या आधी सापडलेली कॅश आदल्या तारखेला पडते. केबल अजून मिनी-यूएसबी. सोबतची हरवल्यावर एमजी रोडवरच्या एका दुकानात जुन्या कॅमेऱ्यांच्या केबलींच्या खोक्यातून शोधून घ्यावी लागली. आणि यंत्रातली फाइल शिळी होते. मालकाने कॅश बंद केली तरी हँडहेल्डला ते कळत नाही, ते तुम्हाला गुमान रिकाम्या दगडापाशी नेतं. पैसे भरणाऱ्या सदस्यांना एका पॉकेट क्वेरीत, म्हणजे एकगठ्ठा उतरवायच्या फाइलीत, १००० कॅश मिळतात. आपल्या जिल्ह्यासाठी ती एकदा बनवून ठेवली की निघायच्या आदल्या रात्री नवी उतरवणं पाच मिनिटांचं काम आहे.

एका गोष्टीचा अंदाज मला अजिबात नव्हता. हातात फोन घेऊन गोदाघाटावर तासभर रेंगाळलं तरी कोणी बघत नाही. गळ्यात जाडजूड यंत्र दिसलं की मात्र लोक जमतात. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, रस्ते आणि भूसंपादन हे विषय घराघरात. त्यामुळे गंगापूर धरणाच्या बाजूला बांधावर उभं राहिलं की हमखास प्रश्न येतो, ‘ताई, मोजणीला आलात का?’ एका आजोबांनी तर स्वतःचा गट नंबरच सांगायला सुरुवात केली. खेळ आहे असं सांगितलं तर विश्वास बसत नाही, म्हणून मी पडदा दाखवते आणि डबीची गोष्ट सांगते. डबीची नेमकी जागा मात्र गुलदस्त्यात. म्हणूनच वस्तीत हँडहेल्ड सॅकमध्ये आणि फोन हातात. देवळालीच्या तोफखान्याच्या हद्दीजवळ आणि नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसच्या भिंतींजवळ तर यातलं कुठलंच उपकरण काढून उभं राहू नका, बाण तिकडे दाखवत असला तरी.

स्वतः कॅश लपवणार असाल तर पांडवलेणी सोडा, ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. अंजनेरीचा काही भाग २०१७ पासून संवर्धन राखीव आहे, तिथल्या दुर्मिळ कंदीलपुष्पासाठी. दगड उलटेपालटे करत फिरायची ती जागा नव्हे.

सॅकमध्ये थोडा कागद अजूनही आहे. डबीतली वही भिजून लगदा झालेली असते, म्हणून कोऱ्या पट्ट्या, झिपची पाकिटं आणि दोन पेनं. पेन विसरणाऱ्याला कुठलंही यंत्र वाचवत नाही.

जुनं हँडहेल्ड विकत घेणार असाल तर सेलचं झाकण उघडून आत हिरवट गंज आहे का बघा, यूएसबीवरचं रबरी झाकण घट्ट बसतं का बघा, कारण पाणी तिथूनच शिरतं. मग यंत्र मोकळ्यावर नेऊन सुरू करा, विक्रेत्यासमोरच एक जीपीएक्स फाइल टाका आणि वर्णन, संकेत, नोंदी तिन्ही उघडतात का पाहा. नुसता ठिपका दिसला तर ते यंत्र पेपरलेस नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.