सहा क्रमांकाची जर्सी: रावपुऱ्यातील एका दुकानाचा अनुभव

बडोद्यात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आमच्या मैदानावर संध्याकाळी जमणाऱ्या मुलांच्या रग्बी लीग संघासाठी या वर्षी सतरा जर्सी तयार करून घ्यायच्या होत्या. क्रिकेट आणि कबड्डीच्या संघांचे कपडे शिवून देणारे रावपुऱ्याच्या एका गल्लीतील दुकान त्यासाठी निवडले. तेथील काम मला मनापासून आवडले. एक ठळक चूकही झाली, आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुकानदारांनी पहिल्याच भेटीत विचारले, "सर, कोणत्या मुलाला कोणता नंबर हवा, याची यादी आणली आहे का?" त्यांच्याकडे येणारे संघ तसेच करतात; कोणाला धोनीचा ७ हवा असतो, कोणाला कोहलीचा १८. माझ्या यादीत मात्र १ ते १७ असे सलग आकडे होते, आणि त्यांतील एकही मुलांच्या आवडीने ठरलेला नव्हता. रग्बी लीगमध्ये तेरा खेळाडू मैदानात असतात आणि पाठीवरचा आकडा हे त्या खेळाडूचे काम असते. १ म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा फुलबॅक, २ आणि ५ म्हणजे दोन कडांवरचे विंगर, ८ आणि १० म्हणजे पहिली धडक देणारे भारदस्त प्रॉप, ९ म्हणजे प्रत्येक पकडीनंतर, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्यांनी धरून थांबवल्यावर, जमिनीलगतचा चेंडू उचलून सहकाऱ्याकडे देणारा हूकर, आणि ६ व ७ म्हणजे चेंडू कोठे न्यायचा हे ठरवणारी जोडी. १४ पासूनचे क्रमांक राखीव खेळाडूंचे. चेंडू असलेल्या संघाला सहा पकडींची मुभा असते आणि तेवढ्यात गुण मिळाले नाहीत तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणून प्रत्येकाने आपापले काम वेळेत करणे हाच या खेळाचा पाया आहे. दांडिया बाजारातील माणिकरावांच्या आखाड्यात कबड्डी शिकलेल्या मला हे समजायला फारसा वेळ लागला नाही, कारण कोपरारक्षकाने मध्यभागी धावत जायचे नसते, ही शिस्त त्या मातीतच अंगात मुरलेली होती.

दुकानदारांनी हे सारे ऐकून घेतले आणि मापे क्रमांकानुसार लिहून घेतली, ही गोष्ट मला विशेष वाटली. ८ आणि १० साठी खांद्यात एक इंच जास्त, २ आणि ५ साठी कंबरेत घट्ट, अशी नोंद त्यांनी स्वतःहून केली. घट्ट जर्सी पकडणाऱ्याच्या मुठीत सहज येत नाही, हे त्यांना कबड्डीच्या संघांमुळे माहीत होते.

सहा क्रमांकाविषयी आमच्या मुलांना एवढे प्रेम का, हे सांगायचे तर जरोम लुआयविषयी लिहावे लागेल. सामोआ या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशाशी नाते सांगणाऱ्या कुटुंबातला हा खेळाडू १९९७ मध्ये जन्मला आणि सिडनीच्या पश्चिमेकडील माउंट ड्रुइट या कष्टकरी वस्तीत वाढला. पेनरिथ पँथर्स या क्लबकडून २०१८ मध्ये तो वरिष्ठ संघात आला, तरी सहा क्रमांक त्याला लगेच मिळाला नाही. तो अनुभवी जेम्स मॅलोनीकडे होता आणि मॅलोनी २०१९ नंतर क्लब सोडून गेल्यावरच लुआय त्या जागेवर कायम झाला. सातव्या क्रमांकावर नेथन क्लिअरी. संघाला बांधून ठेवणारी लांब किक क्लिअरीची, तर डाव्या बाजूला बचाव पुढे येताना क्षणभर थबकून, पाय झटकून फट शोधणारी धाव लुआयची. ऑस्ट्रेलियातील क्लबांच्या मुख्य स्पर्धेचा (एनआरएल) २०२० चा अंतिम सामना हा संघ मेलबर्नकडून २६–२० असा हरला. त्यानंतर २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे त्याने मिळवली आणि चारही अंतिम सामन्यांत लुआय सहा क्रमांकाच्या जर्सीत खेळला. २०२३ चा अंतिम सामना मी मुलांना संपूर्ण दाखवला आहे. काही आठवड्यांपूर्वी निखळलेला खांदा घेऊन तो उतरला, पण त्याच खांद्यामुळे त्याला सामना अर्धवट सोडावा लागला. संघ ८–२४ असा मागे पडलेला असताना त्याच्या जागी आलेल्या जॅक कॉगरने आणि क्लिअरीने डाव सावरला व पँथर्स २६–२४ ने जिंकले. लुआयचे मोठेपण मी मुलांना याच सामन्यावरून समजावतो. त्याचे काम इतके स्पष्ट होते की दुसऱ्याला ते अर्ध्यावर उचलून पूर्ण करता आले.

जर्सीचा निळा रंग मुलांनी निवडला तो सामोआच्या राष्ट्रीय संघाचा. करोनामुळे २०२२ मध्ये खेळल्या गेलेल्या विश्वचषकात लुआय ऑस्ट्रेलियाऐवजी सामोआकडून उतरला आणि त्याच्याच वस्तीत वाढलेले ब्रायन टोओ व स्टीफन क्रायटन हेही त्याच्यासोबत होते. पहिल्याच सामन्यात इंग्लंडने त्यांना ६०–६ असे चिरडले. तोच संघ महिनाभरात उपांत्य फेरीत पुन्हा इंग्लंडसमोर उभा राहिला आणि जादा वेळेत क्रायटनच्या एका किकने २७–२६ असा जिंकला. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने ३०–१० ने घेतला, पण सामोआसारखा लहानसा देश तेथवर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. या निळ्या जर्सीवर सामोआचे बोधचिन्हही छापावे, असा मुलांचा आग्रह होता. दुकानदारांनी तो नम्रपणे नाकारला: "दुसऱ्या संघाची खूण आम्ही छापत नाही, रंग हवा तो देतो." मला हा नकार योग्य वाटला.

आता कापडाविषयी. त्यांनी १६० जीएसएम आणि २२० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) असे दोन पॉलिएस्टर नमुने दाखवले. क्रिकेटसाठी पहिला पुरेसा आहे, पण ज्या खेळात समोरचा जर्सी मुठीत धरून खाली खेचतो तेथे तो महिनाभरही टिकणार नाही. म्हणून उन्हाळ्यात थोडे गरम होईल हे मान्य करून मी दुसरा घेतला. छपाई सब्लिमेशनची आहे. या पद्धतीत शाई उष्णतेने वायुरूप होऊन धाग्यात शिरते, त्यामुळे वर थर साचत नाही आणि आकडा सोलून निघण्याचा प्रश्न राहत नाही. ही शाई फिक्या कापडावरच उठते, त्यामुळे आधी पांढऱ्या कापडाचे पुढचे-मागचे भाग कापून, आकड्याची जागा पांढरीच सोडून बाकी भागावर निळा रंग छापून, मग शिलाई केली जाते. बगलेत आणि खांद्यावर दुहेरी शिवण आहे, आणि खांद्याच्या आत पट्टी लावली आहे. तीन महिने आठवड्यातून चार वेळा वापर आणि तितक्याच धुण्यांनंतर पाठीवरचे आकडे जसेच्या तसे आहेत. सतरांपैकी एकाच जर्सीची बगल उसवली, तीही दहा क्रमांकाची, आणि त्या मुलाला रोज किती जण मिळून धरतात हे पाहता तक्रार करावीशी वाटत नाही.

चूक झाली ती छातीवरच्या लहान आकड्यांत. ते सब्लिमेशनने न छापता वेगळ्या फिल्मचे आकडे हीट प्रेसने चिकटवले होते आणि कारागिराने ९ उलटा चिकटवला. त्यामुळे हूकरच्या पाठीवर ९ आणि छातीवर ६ अशी जर्सी हाती आली. इतर खेळात हसून सोडून देता येईल अशी ही बाब आमच्याकडे चालत नाही, कारण समोरून पाहणाऱ्या सहकाऱ्याला त्या आकड्यावरूनच पास कोणाला द्यायचा हे कळते. मी जर्सी परत नेली. फिल्म काढून पाहिली तर खाली चौकोनी डाग राहिला होता. तो झाकण्याचा प्रयत्न न करता त्यांनी पुढचा संपूर्ण भाग नव्याने छापून, तीन दिवसांत, एक रुपयाही न घेता शिवून दिला. तरीही माझे मत आहे की छातीवरचे आकडेही पाठीसारखेच कापडात छापून घ्यावेत आणि ६ व ९ च्या खाली रेघ मागून घ्यावी. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय होत नाहीत.

प्रत्येक जर्सीला ४३० रुपये पडले, म्हणजे एकूण ७,३१० रुपये, आणि बारा दिवसांचा अवधी सांगून पंधराव्या दिवशी माल मिळाला. नवरात्रीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नये, कारण तेव्हा गरबा मंडळांच्या टी-शर्टांखाली दुकान बुडालेले असते. लहान मुलांच्या मापांचा तक्ता त्यांच्याकडे कच्चा आहे. बारा वर्षांखालील मुलाला सोबत नेऊन माप द्यावे.

छपाईची फाइल ते जपून ठेवतात, त्यामुळे नंतर एकच जर्सी करून घेता येते. हे मला कळले ते आमच्या सहा क्रमांकाच्या मुलामुळे. २०२५ मध्ये लुआय पँथर्स सोडून, आधीची तीन वर्षे सलग तळाला राहिलेल्या वेस्ट्स टायगर्सकडे गेला आणि तेथे त्याने मोसमाची सुरुवात सात क्रमांकाने केली. म्हणजे जे काम इतकी वर्षे क्लिअरीचे होते, ते त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. ते वाचल्यापासून या मुलाने रोज अर्धा तास थांबून लांब किकचा सराव सुरू केला आहे. एका जर्सीचे ५२० रुपये होतात, असे दुकानदार म्हणाले. मी अजून सांगितलेले नाही, पण त्याच्या मापाची नोंद सात क्रमांकाखाली करून आलो आहे.