फोनो प्रीअॅम्प: टर्नटेबलमधला, अॅम्प्लिफायरमधला की वेगळा डबा?

जुन्या बाजारातून भीमसेनजींच्या दोन एलपी उचलल्या, टर्नटेबलही घरी आलं. आता दुकानदार म्हणतो, "प्रीअॅम्प वेगळा घ्यावाच लागेल." जरा थांबा. आधी टर्नटेबलच्या मागे डोकावून बघा. 'फोनो' आणि 'लाइन' असं बारकं बटण दिसलं, तर प्रीअॅम्प आतच बसवलेला आहे.

तो लागतो कशाला? कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग. त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) या नेहमीच्या प्रकारातून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. अॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला त्याच्या साधारण शंभरपट हवं. शिवाय एलपी कापतानाच खर्ज दाबलेला असतो, नाहीतर खाचा फार जागा खातील. आणि वरचे स्वर उचललेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की खरखरही बसते. दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबल. दाबण्या-उचलण्याच्या या ठरावीक प्रमाणाला आरआयएए वक्र म्हणतात; तो १९५४ पासून रुळला. प्रीअॅम्प तो उलटा फिरवतो. त्याच्याशिवाय जोडून बघा: आवाज एवढासा, चाट कशीबशी ऐकू येते, डग्गा गायब.

आतला प्रीअॅम्प सोयीचा. सुरुवातीला पुरतो, स्वस्तातल्यात थोडी सरसर असते. माझी पसंती मात्र जुन्या अॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला. घरात पडून असेल तर फुकटच. स्विच करकरत असतील तर बुधवार पेठेत कुणाकडून तरी साफ करून घ्या. फक्त टर्नटेबलमधला आणि अॅम्प्लिफायरमधला, असे दोन्ही प्रीअॅम्प एकदम चालू ठेवू नका. मी ठेवले होते; बंदिश नव्हे, फाटका भोंगा वाजला.

वेगळा डबा खरा लागतो तो मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला, म्हणजे जिच्यात चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलते तिला. तिथे अर्धा मिलिव्होल्टही मिळत नाही, वाढ हजारपटीच्या घरात लागते आणि बहुतेक आतल्या प्रीअॅम्पांना ते झेपत नाही. डबा ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा, टर्नटेबलपासूनची वायर मीटरभरच ठेवा, आणि अर्थिंगची बारीक तार स्क्रूखाली घट्ट आवळा. सैल राहिली तर मंद्र षड्जासारखी घूं पाठ सोडत नाही. आजोबांच्या सूटकेस प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असेल, तर फोनो प्रीअॅम्पची गरजच नाही.

माझ्याकडे अजून जुना अॅम्प्लिफायरच चालू आहे. डब्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची नवी सुई आली.